पुंजारामचा पट्टा भुजंगच्या कमरेला

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींमागच्या बोळात चांदपाशाचं जीन-लगामाचं दुकान होतं, आणि दुकानाला चिकटून हातभर रुंदीचा एक ओटा. पंच्याहत्तर सालापासून त्या ओट्यावर पुंजाराम बसायचा. सात वर्षं फौजेत काढून आलेला माणूस. तिशी अजून गाठायची होती, तरी कानशिलं पांढरी झालेली. चांदपाशा लष्कराच्या लिलावातून कंडम ठरलेले जाड सुती पट्टे, खांद्याचे बंद, काडतुसांच्या पिशव्या असं गाठोडंच्या गाठोडं उचलून आणायचा. पुंजाराम ते उसवायचा, सोड्यात उकळून धुवायचा आणि त्यातून बैलांच्या गळ्यातले पट्टे, टांग्याच्या घोड्यांचे तंग, पोरांची दप्तरं, जे मागाल ते शिवायचा. शिवून झालं की पट्ट्याचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं दोन्ही हातांनी ओढायचा. बैल तुटेल पण पुंजारामचा टाका तुटणार नाही, असं बोळात म्हणत.

एवढा गुणी कारागीर, पण एका बाबतीत पक्का आडमुठा. बाजाराला येणारे बैलांचे व्यापारी कमरेचा पट्टा मागायचे आणि वर म्हणायचे, आतून एक चोरखिसा लाव, मेणकापडाचा, म्हणजे घामानं नोटा भिजत नाहीत. पुंजाराम मान हलवायचा.

“पट्टा न्या. खिसा न्हाई भेटायचा.”

“अरे, दाम देऊन राह्यलो ना!”

“दामाचा सवाल न्हाई. खिसा म्या शिवत न्हाई.”

गिऱ्हाईक तणतणत निघून जायचं आणि चांदपाशा कपाळावर हात मारायचा. लक्ष्मी टिळा लावायला यावी आणि हा बाबा तोंड धुवायला जावा, त्यातली गत. पुंजारामची बायको गिरिजाबाई तर म्हणायची, ह्यांना फौजेनं सगळं शिकवलं, तेवढं शहाणपण वगळलं. पुंजाराम ऐकून घ्यायचा. पण का, ते कधी कुणाला सांगायचा नाही.

ते का, हे सांगायचं तर जालना सोडून पार आसामच्या पलीकडे जावं लागेल, बांबूच्या डोंगरात.

पुंजाराम वाटूरचा आणि भुजंग पिंपळगाव रेणुकाईचा. दोघंही बौद्ध घरातले, दोघंही अडुसष्ट साली एकाच आठवड्यात भरती झालेले. मुलखात असते तर एकमेकांना ओळखलंही नसतं. वाटूर कुठं, पिंपळगाव कुठं. पण घरापासून दीड हजार मैलांवर, जिथं भाकरी म्हटलेलं कुणाला कळत नाही, तिथं ते सख्ख्या भावांसारखे झाले. भुजंग उंच, काटकुळा, सारखा हसणारा. पुंजाराम बुटका, हाताचा कसबी आणि तंबाखूचा नादी.

भुजंग तंबाखूला शिवायचा नाही. त्याचा बाप हातभट्टीच्या दारूनं गेला होता. म्हणून भरतीला निघताना त्याची आई मालनबाई हिनं त्याचा हात बाबासाहेबांच्या फोटोवर ठेवून घेतला होता: दारू न्हाई, गांजा न्हाई, तंबाखूबी न्हाई. रात्रीच्या रमचा वाटासुद्धा तो दुसऱ्याला देऊन टाकायचा. पुंजाराम त्याला भिक्खू म्हणून चिडवायचा.

त्या डोंगरातली बंडखोरांशी लढाई म्हणजे मैदानावरची लढाई नव्हे. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. वर्षातले सहा महिने पाऊस, पायाला जळवा, अंगावर बुरशी. तिथं शिपायाचं घरदार म्हणजे त्याच्या कमरेचा पट्टा आणि त्याला लटकवलेला संसार. पुढं दोन्ही बाजूंना काडतुसांच्या पिशव्या, उजव्या अंगाला पाण्याची बाटली, डाव्या अंगाला बांबू तोडायचा कोयता. पितळी बक्कल चमकू नये म्हणून त्याला काजळी फासलेली. बाटली खणखणू नये म्हणून तिला गोणपाट गुंडाळलेलं. पावसात सुती पट्टा फुगायचा, ताठ व्हायचा, कंबर सोलून काढायचा. तरी तो सोडायचा नाही, झोपतानासुद्धा नाही.

आणि पट्ट्याच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, एक छोटा खिसा. त्यात जखमेवर बांधायची पट्टी. त्यांच्या कंपनीचा नियम असा, की प्रत्येकाचा हा खिसा अगदी एकाच जागी हवा, म्हणजे अंधारात, चिखलात, न बघता हात घातला तरी पट्टी हाताला लागली पाहिजे. दुसरा नियम त्याहून कडक: ज्याची जखम, त्याचीच पट्टी. जखमी माणसाला आपली पट्टी बांधायची नाही, त्याच्याच कमरेची काढायची. नाहीतर पुढच्या वळणावर आपल्याला गोळी लागली की आपला खिसा रिकामा. सुभेदार साहेब जवानांचे डोळे बांधून त्यांना एकमेकांच्या कमरेतून पट्ट्या काढायला लावायचे. ज्याला वेळ लागला त्याची पाठीवर पिठ्ठू, म्हणजे फौजेची पाठपिशवी, दगडांनी भरून बांधून दौड.

हे खिसे पावसात गळायचे, पट्ट्या भिजून कुजायच्या. तेव्हा पुंजारामचा हात कामी आला. आईच्या गोधड्यांवर त्यानं सुई शिकली होती. त्यानं कंपनीतल्या झाडून सगळ्या खिशांना आतून मेणकापडाचं अस्तर लावून दिलं. शाबासकी मिळाली, सुभेदारांनी पाठ थोपटली. भुजंग म्हणाला, “पुंजा, तुझ्या टाक्यावर सगळ्या कंपनीचा जीव हाय बघ.”

आता पुढं जे झालं ते ऐकून पुंजारामचा राग येईल. मलाही येतो.

त्या पावसात पुंजारामची तंबाखू कुठंच कोरडी राहीना. सदऱ्याच्या खिशात ठेवली तर चिखल, पिठ्ठूत ठेवली तर बुरशी. आणि अख्ख्या अंगावर एकच जागा अशी की जिथं पाणी शिरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शिवणारा तोच. एक दिवस त्यानं पट्टीची गुंडाळी काढून पिठ्ठूच्या तळाशी ठेवली आणि त्या कोरड्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची पत्र्याची डबी सारली. मनाशी म्हणाला, दोन-चार दिवस. गस्तीला जाताना बदलून घेऊ. कधी बदलायचा, कधी विसरायचा.

बहात्तरचा ऑगस्ट. इकडं मराठवाड्यात पावसाचा टिपूस नव्हता, लोक खडी फोडत होते, आणि तिकडं आभाळ फाटलेलं. पुंजारामच्या पायाला जळवांच्या जखमा चिघळल्या होत्या, म्हणून डॉक्टरनं त्याला तळावर बसवला होता. पहाटे बारा जणांची गस्त निघायची होती. भुजंग त्यात होता. रांग लागायच्या वेळेला भुजंगच्या पट्ट्याचा बक्कलजवळचा भाग, कुजलेला, दोन हातांनी ओढताच फाटला. बाहेर सुभेदार घड्याळ बघत उभे. भुजंग बांबूच्या झोपडीत धावत आला.

“पुंजा, मेलो! पट्टा गेला.”

पुंजारामनं एक क्षण विचार केला नाही. स्वतःचा पट्टा सोडला आणि त्याच्या कमरेला आवळला, पिशव्या-बाटलीसकट. “घे मपला. जल्दी कर.” भुजंगनं हसून त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि पळाला.

गस्त रांगेनं उतारावरून खाली निघाली. खाली ओढा होता, ओढ्यापलीकडं जंगल. पुंजाराम झोपडीच्या दारात बसला आणि सवयीनं त्याचा हात मागं कमरेकडं गेला. तंबाखू काढायला. कंबर मोकळी होती.

तेव्हा त्याला आठवलं.

गस्त अजून ओढ्याच्या अलीकडं होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पिठ्ठूच्या तळातली पट्टी काढून लंगडत पळाला असता तरी गाठता आलं असतं. पण मध्ये सुभेदार उभे होते. काय म्हणून हाक मारायची? साहेब, पट्टीच्या खिशात माझी तंबाखू आहे? तीही ज्याला शाबासकी दिली त्या माणसाची? त्यानं स्वतःची समजूत घातली: काही होत नाही, दहा गस्ती गेल्या तेव्हा काय झालं, दुपारपर्यंत येतील परत. एवढं म्हणेपर्यंत शेवटचा माणूस ओढा ओलांडून बांबूत शिरला.

दुपारी पाच जण भुजंगला झोळीत घालून घेऊन आले. गोळी मांडीत लागली होती. तसं बघितलं तर मांडीची गोळी म्हणजे मरणच असं नाही. ती लागताच गस्तीत शेजारी असलेल्या रामकिसननं शिकवल्याप्रमाणे न बघता भुजंगच्या कमरेत हात घातला. हाताला चुन्याची डबी लागली. त्यानं पुन्हा चाचपलं, खिसा उलटा केला, तंबाखू चिखलात सांडली. मग त्यानं पट्टा कापून फेकून दिला, स्वतःचा बनियन फाडला, भिजलेला, रक्तानं निसटणारा. स्वतःची पट्टी त्यानं काढली नाही, कारण नियम हाडात भिनलेला. शेवटी काढली, पण तोवर वेळ गेला होता. भुजंग ओढ्याच्या अलीकडं पोचला तेव्हा गार पडला होता.

संध्याकाळी सुभेदारांनी कंपनी उभी केली. त्यांचे डोळे लाल होते. त्यांचाही जवान होता तो. त्यांनी ती पत्र्याची डबी हातात उंच धरली.

“देखो सब लोग. पट्टी की जगह चूना. गोली से नहीं मरा ये जवान, अपनी लत से मरा.”

समोर शंभर माणसं. मागं कुणीतरी पुटपुटलं, चोरून खात होता म्हणजे, भिक्खू म्हणे! पुंजाराम दुसऱ्या रांगेत उभा होता, चिघळलेल्या पायांवर. एक पाऊल पुढं टाकायचं होतं. फक्त एक. त्याला वाटलं आपण टाकलं. पण टाकलं नव्हतं.

चोराला निदान पकडलं जाण्याची भीती असते. पुंजारामला तीही उरली नाही, कारण पट्टा जंगलात गेला होता आणि अदलाबदल पाहणारा एकटा भुजंग होता. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मात्र खरं. त्या दिवसापासून त्यानं तंबाखूला हात लावला नाही. दिवसातून दहा वेळा मागं कमरेकडं हात जायचा आणि दचकून पुढं यायचा.

भुजंगचं सामान घरी पोचवायला त्याच्याच भागातला माणूस पाठवायचा म्हणून पुंजारामलाच पाठवलं. पेटीला सील होतं आणि आत यादी. गाडीत तीन दिवस ती पेटी त्याच्या पायाशी होती. पिंपळगावला मालनबाई खडीच्या कामावरून आली, हातांना फडकी गुंडाळलेली. दुष्काळानं आधीच वाळलेली बाई. तार तिला खडीवरच मिळाली होती. तिनं पेटी उघडून एकेक वस्तू बाहेर काढली: दोन सदरे, तिचीच पत्रं, कंगवा. मग डबी. तिनं झाकण उघडून वास घेतला.

“हे काय रे, बाबा?”

पुंजाराम खाली बघत म्हणाला, “मला काय ठावं, मावशी.”

“भुजंग खात व्हता?”

त्यानं मान वर केली नाही. मालनबाई बराच वेळ त्या डबीकडं बघत बसली. रडायची ती रडून झाली होती. आता तिच्या तोंडावर जे आलं ते रडण्याहून वाईट होतं. पुंजाराम पुढच्या एस.टी.नं निघाला.

मग पंच्याहत्तर साली सुटका झाली. वाटूरला जमिनीचा तुकडा दोघा भावांत पुरणारा नव्हता, म्हणून तो गिरिजाबाईला घेऊन जालन्याला आला आणि चांदपाशाच्या ओट्यावर बसला. पिंपळगाव तिथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. तो एकदाही गेला नाही.

शहात्तरच्या फेब्रुवारीत एका दुपारी ओट्यापाशी धोतर-टोपीतला एक माणूस येऊन उभा राहिला. जय भीम म्हणाला. पिंपळगावच्या शाळेतले तातेराव मास्तर.

“भुजंगचे दोस्त तुम्हीच ना? लय शोधत आलो. आमच्या वाड्यानं अंगमेहनतीनं विहार बांधला. वाचनालयाची खोली त्याला जोडून हाय. सगळ्यांनी ठरवलं, तिला भुजंगचं नाव द्यायचं. पर त्याची मायच आडवी पडून राह्यली.”

“कामून?” पुंजारामनं विचारलं. हातातली सुई थांबली होती.

“ती म्हणती, बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठिवून खोटं बोलला त्यो. अशाचं नाव विहाराला नको. फोटोबी काढून पेटीत टाकला तिनं. म्हणती, पोरगं मेलं ते सोसलं, पर त्यानं मला फसवलं ते सोसत न्हाई. तुम्ही समजवा. तुमचं ऐकंल.”

मास्तर चहा घेऊन, पौर्णिमेला उद्घाटन आहे एवढं सांगून गेले. पुंजाराम तसाच बसून राहिला. चांदपाशानं आतून सगळं ऐकलं होतं. म्हातारा पट्ट्यांच्या ढिगाला टेकून त्याच्याकडं बघत होता.

“पुंजाराम, सुई बोटात घुसली तेरे. पता है?”

पुंजारामनं बघितलं. खरंच घुसली होती. आणि मग, काय झालं कोण जाणे, चार वर्षं आवळून धरलेली गाठ सुटली. त्यानं चांदपाशाला सगळं सांगितलं: खिसा, डबी, ओढा, शंभर माणसांची रांग. गिरिजाबाईला जे सांगितलं नव्हतं ते त्या बोळात, गिऱ्हाईक येत-जात असताना सांगितलं.

चांदपाशानं दाढी कुरवाळली. “मुझे बताके क्या फायदा? मी त्याची माय हाय का?” एवढंच म्हणाला, आणि गल्ल्यातून एस.टी.चं भाडं काढून ओट्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम भोकरदनहून पिंपळगावला उतरला. मालनबाई दारात तूर निवडत होती. आत भिंतीवर बुद्धाचा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा आणि त्याशेजारी एक रिकामा खिळा. तिनं त्याला ओळखलं, पाणी दिलं, बस म्हणाली. पुंजाराम पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून बसला.

“मावशी, ती डबी मपली व्हती.”

तिचा हात सुपात थांबला.

“त्या दिवशी त्याचा पट्टा तुटला. म्या मपला दिला. डबी त्याच्यातच व्हती. भुजंगनं कवाच तंबाखू खाल्ली न्हाई, मावशी. एक डाव बी न्हाई.”

मालनबाई उठली, कोपऱ्यातली पेटी उघडली, तळातून फोटो काढला. पदरानं पुसला, पुन्हा पुसला, आणि खिळ्यावर अडकवला. मग भिंतीला हात टेकून ती अशी रडली की शेजारच्या दोन बाया धावत आल्या. “मोडला न्हाई गं! मपल्या लेकरानं शब्द मोडला न्हाई!” रडत होती आणि हसत होती. चार वर्षं मेलेल्या पोरावर रागावलेली बाई. तो राग कुठं टाकावा हे तिला कळेना. तिनं पुंजारामचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कानशिलावर बोटं मोडली.

“तू तुपल्या कमरेचा पट्टा दिला त्याला. सख्खा भाऊ देत न्हाई असा.”

बाया गेल्या. मालनबाईनं चूल पेटवून चहा ठेवला. पुंजारामला तिथून उठून जाता आलं असतं. नाव लागलं असतं, मायलेकाचा रुसवा निघाला होता, आणि वर हा पट्टा देणारा भाऊ ठरला होता. अर्धं खरं सांगितलं की माणसाला असा मानही मिळतो. पण तो मान त्याला त्या ओल्या सुती पट्ट्यासारखा काचू लागला.

चहा ओतता ओतता मालनबाईनं साधंच विचारलं, “मंग ध्यानात कवा आलं रे तुझ्या? डबी त्याच्यात ऱ्हायली ते?”

खोटं तयार होतं. नंतर, मावशी. तो गेल्यावर, मावशी. तोंडापर्यंत आलं होतं.

“त्यो ओढा उतरायच्या आधी,” पुंजाराम म्हणाला.

तिनं किटली खाली ठेवली.

“मंग हाक कामून न्हाई मारली?”

“सुभेदार उभे व्हते. म्या भ्यालो.”

“काय केलं असतं त्यानी तुला? गोळी घातली असती?”

“न्हाई. पाठीवर दगडाचा पिठ्ठू बांधून पळवलं असतं.”

“किती दिवस?”

“सात दिवस.”

मालनबाई चुलीकडं बघत राहिली. “सात दिवस,” ती म्हणाली. मग बोटांवर मोजल्यासारखं अंगठा पेरांवरून फिरवत पुन्हा म्हणाली, “सात. म्या त्या साली सात महिने खडी फोडली. तुला सात दिवस पळता न्हाई आलं?”

चहा कुणीच प्यायलं नाही. सुभेदार डबी उंच धरून काय बोलले तेही पुंजारामनं सांगितलं. तिनं विचारलं, “ते डबी दाखवून किती माणसांपुढं बोलले?”

“शंभर.”

“मंग पुनवेला ये. इथंबी तेवढी जमतील. त्यांच्यापुढं सांग. अर्धं न्हाई. ओढ्याचंबी.”

त्या रात्री घरी त्यानं गिरिजाबाईला सगळं सांगितलं. ती पाठ फिरवून झोपली. पौर्णिमेच्या दिवशी मात्र ती त्याच्याबरोबर एस.टी.त बसली, सगळा रस्ताभर खिडकीबाहेर बघत.

विहारासमोर मांडव होता. वंदना झाली, मास्तरांचं भाषण झालं. मग पुंजाराम उभा राहिला. खिसा कसा शिवला ते त्यानं सांगितलं, तंबाखू का ठेवली ते सांगितलं, गस्त ओढ्याच्या अलीकडं असताना आपण दारात बसून होतो ते सांगितलं, आणि पेटी उघडली तेव्हा ह्याच गावात आपण खोटं बोललो तेही. “भुजंग त्याच्या चुकीनं मेला न्हाई. मपल्या मेला,” म्हणाला आणि खाली बसला.

मांडवात कुजबुज झाली. भुजंगचा चुलता कारभारी ताडकन उठला, “ह्याला हाकला आधी!” तातेराव मास्तर सावरायला लागले, पोरवय होतं, होतात चुका. मालनबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “मास्तर, तुम्ही गप ऱ्हा. चूक म्हंजे काय, ते त्यानं सांगितलं. तुम्ही लहान करू नका. आन कारभारी, बस तू बी खाली.” मग तिनं रंगाऱ्याला हात केला. वाचनालयाच्या दारावर भुजंगचं नाव आधीच खडूनं आखलेलं होतं. ते सगळ्यांसमोर निळ्या रंगात भरलं गेलं.

जेवणाच्या पंगतीत पुंजारामच्या शेजारी गिरिजाबाईशिवाय कुणी बसलं नाही. जेवण झाल्यावर दोघं फाट्यावर येऊन एस.टी.ची वाट बघू लागली. थोड्या वेळानं मालनबाई एकटीच रस्त्यानं येताना दिसली. पुंजाराम उठून उभा राहिला.

“मावशी, मला माफ—”

“न्हाई,” ती म्हणाली. “माफ न्हाई केलं. होतच न्हाई माझ्याच्यानं. उगं खोटं कशाला बोलू?”

त्यानं मान खाली घातली. ती तिथल्या दगडावर बसली आणि पदरानं कपाळ पुसलं.

“पर मला एक सांग. एकोणीस वर्षं त्यो मपल्यापाशी व्हता, ती मला तोंडपाठ हायत. पुढली चार तुझ्यापाशी काढली त्यानं. ती मला ठावी न्हाईत. दुसरं कोण सांगल? बस. तिथं भाकर भेटायची का त्याला?”

“न्हाई, मावशी. भात. तिन्ही टाईम भात.”

“त्याला भात आवडत नव्हता,” मालनबाई म्हणाली.

“ठावं हाय. म्हणायचा, पोट भरतं पर जेवल्यावानी वाटत न्हाई. एक डाव पिठाची थैली सापडली, तर काटकीनं बांबूवर रेघा ओढून मला दाखवत व्हता, मपली माय एवढी मोठी भाकर थापती म्हणून—”

चार वर्षं तो रडत आला होता, पण ते सगळं रडणं स्वतःसाठी होतं. आपण पकडले जाऊ, आपलं काय होईल, आपण किती नीच. भुजंगसाठी तो आज पहिल्यांदा रडला. भोकरदनची एस.टी. आली, गिरिजाबाईनं कंडक्टरला पुढं जा म्हणून हात केला, आणि गाडी निघून गेली. मालनबाईनं त्याचे डोळे पुसले नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत ती थांबली.

“मंग?” ती म्हणाली. “केवढी म्हणला, भाकर?”